दीर्घ लेखनाची साठवण : एक पाठचिकित्सक विचार

१

संकेतस्थळांवर लेखक व वाचक स्वतःच्या हाताने जे लेखन उतरवितात त्याचा विस्तार आता उपेक्षणीय राहिलेला नाही. आठवणी, प्रवासवर्णने, ग्रंथपरीक्षणे, स्थानिक इतिहासाची टिपणे, शासनाकडे केलेले अर्ज, संशोधनप्रकल्पांच्या प्रश्नावलींस दिलेली सविस्तर उत्तरे असे नाना प्रकारचे गद्य प्रथम पडद्यावरील एका चौकटीत टंकिले जाते आणि तेथून थेट डेटाबेसमध्ये जाते. या लेखनाचा कागदी खर्डा बहुधा नसतो; चौकट बंद झाली की लेखकाजवळ पुष्कळदा दुसरी प्रतही उरत नाही. अशा स्थितीत डेटाबेसमधील नोंद ही मूळ लेखनाची एक प्रत नसून तीच मूळ प्रत होय. हस्तलिखितांच्या युगात ग्रंथाचे भवितव्य जसे लहियाच्या हाती होते, तसे ते आज डेटाबेसची रचना करणाऱ्याच्या हाती आहे.

असे असूनही दीर्घ लेखन कसे साठवावे या प्रश्नाची जी चर्चा तंत्रविषयक पुस्तकांत आढळते, ती बहुतांशी जागेची आणि वेगाची चर्चा असते. स्तंभ किती मोठा घ्यावा, लेखन सारणीत ठेवावे की स्वतंत्र फाइलीत, शोध जलद कसा व्हावा, हे त्या चर्चेतील नेहमीचे प्रश्न होत. हे प्रश्न गौण आहेत असे नाही. परंतु ते पहिले प्रश्न नव्हेत. पहिला प्रश्न असा की, लेखकाने जे लिहिले तेच, तसेच आणि तेवढेच साठविले गेले काय? पाठचिकित्सेने हस्तलिखितांच्या परंपरेस विचारलेला हा प्रश्न संगणकीय साठवणीस विचारला असता प्रचलित पद्धतींत तीन दोष स्पष्ट दिसू लागतात : पाठाचा लोप, पाठाचा विकार आणि पाठाच्या पूर्वावस्थांचा नाश. या तिन्ही दोषांचे मूळ बव्हंशी एकच आहे. साठविणे आणि संस्कार करणे ही दोन भिन्न कार्ये एकाच क्षणी, एकाच जागी उरकून टाकण्याची सवय हे ते मूळ होय. या सवयीची चिकित्सा मराठीच्या संदर्भात करणे विशेष अगत्याचे आहे. कारण तिचा भार रोमन लिपीपेक्षा देवनागरी व मोडी या लिपींवर अधिक पडतो.

२

आजच्या बहुसंख्य डेटाबेसांच्या मुळाशी ई. एफ. कॉड यांनी १९७० साली मांडलेले संबंधाधिष्ठित प्रतिमान आहे. या प्रतिमानात सारणीच्या प्रत्येक घरात एकच अविभाज्य मूल्य असावे अशी अपेक्षा असते. खातेदाराचे नाव, जन्मतारीख, शिल्लक रक्कम ही अशा मूल्यांची सहज सुचणारी उदाहरणे होत. पन्नास पानांचा निबंध हाही या दृष्टीने एकच अविभाज्य मूल्य ठरतो. त्याचे परिच्छेद, त्यातील वाक्ये, त्याचा आरंभ व शेवट यांच्याशी डेटाबेसला कर्तव्य नसते. वरवर पाहता ही त्या प्रतिमानाची उणीव वाटते. वस्तुतः पाठरक्षणाच्या दृष्टीने तो त्याचा गुण आहे. जो पेटीत डोकावत नाही, तो पेटीतील वस्तूची उलथापालथही करीत नाही. अडचण निर्माण होते ती मूल्य अविभाज्य असण्यामुळे नव्हे. ते आखूड असणार हे गृहीत धरल्यामुळे होते.

हे गृहीत जुन्या प्रणालींत ठायी ठायी आढळते. पोस्टग्रेस्क्यूएल या प्रणालीत माहिती साधारणतः ८ किलोबाइटांच्या पृष्ठांवर ठेवली जाते आणि सारणीतील एक ओळ अनेक पृष्ठांवर पसरू शकत नाही. त्यामुळे २००१ साली निघालेल्या ७.१ या आवृत्तीपर्यंत ओळीच्या लांबीस पृष्ठाचीच मर्यादा होती. त्या आवृत्तीत या अडचणीवर उपाय योजण्यात आला. ओळ सुमारे २ हजार बाइटांपलीकडे गेली की तिच्यातील लांब मूल्य प्रथम संक्षिप्त करून पाहावयाचे, आणि तरीही ते न मावल्यास त्याचे तुकडे करून स्वतंत्र सारणीत ठेवावयाचे, अशी ही योजना आहे. वाचणाऱ्यास मात्र लेखन अखंडच मिळते. एका मूल्याची कमाल मर्यादा यामुळे १ गिगाबाइटपर्यंत गेली. या योजनेचे वैशिष्ट्य असे की, लेखन कोठे व कसे ठेवले याची चिंता प्रणाली स्वतःकडे घेते आणि पाठास धक्का लावीत नाही.

मायएसक्यूएल या अत्यंत प्रचलित प्रणालीने निराळा मार्ग पत्करला. तिने दीर्घ लेखनासाठी चार मापांची भांडी ठेवली : सर्वांत लहान २५५ बाइटांचे, दुसरे ६५,५३५ बाइटांचे, तिसरे १,६७,७७,२१५ बाइटांचे आणि चौथे सुमारे ४ गिगाबाइटांचे. यांपैकी दुसऱ्याचे नाव केवळ ‘टेक्स्ट’ असे आहे. ‘टेक्स्ट’ म्हणजे मजकूर; तेव्हा मजकुरासाठी हेच भांडे योग्य, असा समज होणे स्वाभाविक होते आणि असंख्य संकेतस्थळांची रचना याच समजुतीवर झाली. ६५,५३५ हा आकडा ऐकावयास मोठा वाटतो. तो नेमका कशाचा आहे हे विचारण्याचे कष्ट मात्र सहसा घेतले जात नाहीत.

३

तो आकडा अक्षरांचा नसून बाइटांचा आहे, आणि येथेच मराठी लेखनाच्या अडचणीस प्रारंभ होतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत साध्या रोमन अक्षरास एक बाइट लागतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. शिवाय देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलन्ताची खूण ही प्रत्येक स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजली जातात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द रोमन लिपीत अकरा अक्षरांनी व अकराच बाइटांत लिहिता येतो. देवनागरीत त्याची अक्षरे चारच. परंतु संकेतचिन्हे दहा आणि बाइट तीस होतात. ‘स्त्री’ हे एकच अक्षर सहा संकेतचिन्हांचे व अठरा बाइटांचे असते.

म्हणजे एकाच लेखनास तीन मापे आहेत. वाचकाच्या दृष्टीने अक्षर, युनिकोडच्या दृष्टीने संकेतचिन्ह आणि साठवणीच्या दृष्टीने बाइट. रोमन लिपीत लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजीत ही तिन्ही मापे बहुधा जुळून येत असल्याने त्यांच्यातील भेद प्रणालीकारांच्या ध्यानात आला नाही. देवनागरीत ती कधीच जुळत नाहीत. एका मराठी शब्दास सरासरी सहा चिन्हे व एक मोकळी जागा धरल्यास शब्दागणिक १९ बाइट होतात, आणि ‘टेक्स्ट’ स्तंभात सुमारे ३,४०० शब्द मावतात. इंग्रजी शब्दास पाच अक्षरे व एक मोकळी जागा धरल्यास त्याच स्तंभात सुमारे १०,९०० शब्द बसतात. इंग्रजी लेखकास जेथे लघुकादंबरीचा अर्धा भाग ठेवता येतो, तेथे मराठी लेखकाचा एखादा लांबलेला निबंधही मावत नाही.

या विषमतेचे एक बोलके उदाहरण विकिपीडियात सापडते. मराठी विकिपीडियाचा आरंभ २००३ साली झाला. कोणत्याही विकिपीडियात लेखात बदल करणाऱ्याने त्या बदलाचे कारण एका ओळीत सांगावे अशी प्रथा आहे. या ओळीस दीर्घकाळ २५५ बाइटांची मर्यादा होती. इंग्रजी संपादकास त्यात अडीचशे अक्षरांचे सविस्तर कारण देता येई. मराठी संपादकास ८५ चिन्हांत, म्हणजे दहाबारा शब्दांत, आटोपावे लागे. २०१८ साली ही मर्यादा बाइटांऐवजी चिन्हांत मोजली जाऊ लागली व ५०० चिन्हांपर्यंत वाढविण्यात आली. लेखाच्या शीर्षकास मात्र २५५ बाइटांची मर्यादा अद्याप आहे. कोणी हेतुपुरस्सर भेदभाव केला असे येथे म्हणता येत नाही. माप ठरविताना एका लिपीचा विचार झाला आणि इतर लिपी त्या मापात कोंबल्या गेल्या, एवढेच घडले. परंतु परिणामाच्या दृष्टीने दोहोंत फारसा फरक पडत नाही.

मापांचा हा घोळ लेखनाच्या चौकटीपासूनच सुरू होतो. चौकटीवर ‘कमाल ५,००० अक्षरे’ असे लिहिलेले असते. मोजली जातात ती संकेतचिन्हे. त्यातही ब्राउझरच्या प्रचलित नियमांनुसार चौकटीतील ओळीचा शेवट लांबी मोजताना एक चिन्ह धरला जातो आणि लेखन पाठविताना मात्र त्याची दोन चिन्हे होतात. गद्य लिहिणाऱ्यास हा फरक जाणवत नाही. ओव्या, अभंग वा लोकगीते उतरविणाऱ्याच्या लेखनात मात्र ओळी पुष्कळ असतात. चौकटीने स्वीकारलेले त्याचे लेखन डेटाबेसच्या दाराशी पोचेपर्यंत मर्यादेबाहेर गेलेले असू शकते.

४

मर्यादा असणे हा स्वतः दोष नव्हे. कागदासही मर्यादा असते. दोष आहे तो मर्यादा ओलांडली गेली असता काय होते यात. येथे दोन मार्ग संभवतात. एक, लेखन परत करणे व तसे लेखकास स्पष्ट सांगणे. दुसरा, जेवढे मावेल तेवढे ठेवून उरलेले टाकून देणे. मायएसक्यूएलमध्ये दीर्घकाळ दुसरा मार्ग हाच रूढ होता. जास्तीचा भाग छाटला जाई, एक इशारा नोंदविला जाई, आणि तो इशारा पाहण्याची तसदी संकेतस्थळाची आज्ञावली बहुधा घेत नसे. लेखकास ‘आपले लेखन जतन झाले आहे’ असाच संदेश दिसे. २०१५ साली आलेल्या ५.७ या आवृत्तीपासून कडक नियम मूळ मांडणीतच लागू करण्यात आले व असे लेखन नाकारले जाऊ लागले. जुनी आज्ञावली चालू राहावी म्हणून हे नियम सैल करण्याची मुभा मात्र संकेतस्थळाच्या चालकांस राहिली.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने या छाटणीचे गांभीर्य नीट समजून घेतले पाहिजे. पोथीचे पान फाटले तर ते फाटल्याचे दिसते; वाळवीने खाल्लेल्या जागी भोक राहते; जुना लहिया मूळ प्रतीतील अक्षरे लागत नसतील तर पुष्कळदा तेवढी जागा मोकळी सोडतो. लोपाची खूण मागे राहते आणि त्या खुणेवरून संपादक ग्रंथ त्रुटित आहे हे ओळखतो. डेटाबेसने छाटलेल्या लेखनास अशी कडा नसते. शेवटचे वाक्य अपुरे राहिले तर शंका यावयाची. छाटणी योगायोगाने पूर्णविरामावर झाली तर तीही नाही. लेखकाचा निष्कर्ष, अर्जदाराची मुख्य मागणी, आठवणी सांगणाऱ्याचा शेवटचा प्रसंग हे सामान्यतः लेखनाच्या शेवटी येतात, आणि छाटणी नेहमी शेवटाचीच होते. त्यामुळे जे गळते ते बहुधा लेखनाचे सार असते.

हा लोप केवळ वाङ्मयीन हानी करून थांबत नाही. वर्डप्रेस या सुप्रसिद्ध प्रणालीत २०१५ च्या एप्रिल महिन्यात जे उघडकीस आले ते या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे वाचकांचे अभिप्राय ‘टेक्स्ट’ स्तंभात ठेवले जात. आलेल्या अभिप्रायात काही घातक आज्ञा दडलेली नाही ना, याची तपासणी आधी होई, साठवण नंतर. कोणी मुद्दाम ६४ किलोबाइटांहून मोठा अभिप्राय पाठविला, तर तपासणी पूर्ण लेखनाची होई आणि साठविला जाई तो त्याचा छाटलेला तुकडा. या तुकड्यात खुणांचे कंस अपुरे राहत, आणि पूर्ण लेखनात निरुपद्रवी असलेली गोष्ट त्या अपुरेपणामुळे उपद्रवी होई. २७ एप्रिल २०१५ रोजी निघालेल्या ४.२.१ या आवृत्तीने हा दोष दूर केला. या घटनेचा अर्थ केवळ सुरक्षेपुरता नाही. ज्या पाठाची परीक्षा झाली तो एक आणि जो पाठ जतन झाला तो दुसरा, अशी फारकत पडली की कोणत्याही परीक्षेस अर्थ उरत नाही, हा त्यातील सर्वसाधारण धडा होय.

याच मालिकेतील आणखी एक दोष मराठीस जवळून स्पर्श करतो. मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ-८ या नावाने जी पद्धती प्रथम रूढ झाली, ती एका चिन्हास तीनच बाइट देई. वास्तविक त्या पद्धतीत चार बाइटांची चिन्हेही आहेत. अशांसाठी नवी पद्धती २०१० साली ५.५ या मालिकेत आली आणि २०१८ च्या ८.० या आवृत्तीत ती मूळ मांडणी ठरली. जुन्या पद्धतीच्या स्तंभात, सैल नियम चालू असताना, चार बाइटांचे एखादे चिन्ह आले तर ते चिन्ह आणि त्यापुढील सर्व लेखन गळून पडे. सामान्यतः हे उदाहरण भावचित्रांच्या संदर्भात दिले जाते व त्यामुळे ते हसण्यावारी नेले जाते. परंतु २०१४ साली युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत जिला स्थान मिळाले ती मोडी लिपीही चार बाइटांच्याच प्रदेशात आहे. एखाद्या अभ्यासकाने देवनागरी लिप्यंतराच्या मध्ये मूळ मोडी शब्द दिला, तर अशा स्तंभात त्या शब्दाबरोबर पुढचे सारे विवेचन नष्ट होण्याचा प्रसंग होता. तीनशे वर्षांपूर्वीचे पत्र कागदावर टिकून राहावे आणि त्यावरील आजची टीप साठवणीच्या क्षणीच नाहीशी व्हावी, यासारखा विपर्यास नाही.

५

लोपानंतरचा दोष विकाराचा. लेखन साठविण्यापूर्वी ‘स्वच्छ’ करण्याची रीत सर्वत्र आढळते. तिच्यामागील हेतू चांगला असतो. परंतु पाठभेदांच्या इतिहासात चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्त्यांनी जेवढा गोंधळ केला, तेवढा निष्काळजीपणानेही केला नसेल. अडाणी लहिया जे दिसेल ते उतरवितो. अर्धवट शहाणा लहिया ते सुधारतो. संपादकास दुसऱ्याचीच अधिक भीती वाटते.

पीएचपी या भाषेत पूर्वी अशी एक सोय होती की, आलेल्या लेखनातील प्रत्येक अवतरणचिन्हापूर्वी आपोआप एक तिरपी रेघ घातली जाई. डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत लेखनातील अवतरणचिन्हामुळे घोटाळा होऊ नये, हा त्यामागील उद्देश. पण हे काम आज्ञावलीनेही पुन्हा केले की रेघा दुप्पट होत आणि त्या लेखनाचाच भाग म्हणून साठविल्या जात. संवादप्रधान कथेत अशा रेघांचे पीकच येई. २०१२ साली ५.४ या आवृत्तीत ही सोय काढून टाकण्यात आली. आज्ञा आणि मूल्य ही डेटाबेसकडे वेगवेगळी पाठविण्याची रीत रूढ झाल्यावर तिची गरजही उरली नव्हती. धोका पाठात नव्हता, पाठ आज्ञेत मिसळण्यात होता. आणि उपाय मात्र पाठावर करण्यात आला होता.

देवनागरीच्या बाबतीत विकाराचे अधिक सूक्ष्म रूप आढळते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील अंतर तर विद्यापीठात कोणास समजावून सांगावयास नको. हा भेद केवळ रफार आणि अर्ध्या रकाराचे आडवे रूप यांवर अवलंबून आहे. हे आडवे रूप युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिले जाते : एक, नुक्तायुक्त ‘ऱ’ या चिन्हापुढे हलन्ताची खूण देऊन, दुसरे, साध्या ‘र’ला हलन्त लावून त्यापुढे जोड दर्शविणारी एक अदृश्य खूण ठेवून. दोन्ही पडद्यावर सारखीच दिसतात. परंतु युनिकोडच्या नियमांनुसार ती एकरूप मानली जात नाहीत आणि प्रमाणीकरणानेही एक होत नाहीत. आता ‘अदृश्य चिन्हे निरुपयोगी’ असे मानून साठवणीपूर्वी ती गाळून टाकणारी आज्ञावली या लेखनावर चालली, तर दुसऱ्या प्रकाराने लिहिलेल्या सर्व दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्यांना आचार्यपद प्राप्त होते. मूळ लेखकाने काय लिहिले होते हे त्यानंतर संदर्भावरून तर्काने ठरवावे लागते. ज्या भाषेत ती खूण अर्थभेदक आहे, त्या भाषेचा विचार न करता केलेली ही स्वच्छता म्हणजे पाठाचा भ्रंश होय.

यावर असा प्रतिवाद केला जाईल की, दोन रूपे तशीच ठेवली तर शोध कसा लागावा? प्रश्न योग्य आहे. पण त्याचे उत्तर पाठ बदलण्यात नाही. शोधासाठी एक स्वतंत्र अनुक्रमणी करावी, तिच्यात दोन्ही रूपे एक मानावीत, र्‍हस्वदीर्घाचा भेदही हवा तर सोडून द्यावा. युनिकोडच्या सर्वसाधारण क्रमनियमात ती अदृश्य खूण तुलनेच्या वेळी दुर्लक्षिलीच जाते. तुलना सैल असू शकते. साठवण सैल असू शकत नाही. ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची प्रमाणरूपांत दिली म्हणून कोणी मूळ संहितेतील रूपे बदलीत नाही.

विकाराचा आणखी एक प्रकार परिणामाने सर्वांत भयंकर आहे. मायएसक्यूएलमध्ये ८.० या आवृत्तीपर्यंत मूळ मांडणीतील संकेतपद्धती पश्चिम युरोपीय लिपींची होती. तिच्यात देवनागरीस जागा नाही. त्यामुळे मराठी लेखन अशा स्तंभात जाताना रूपांतरित झाले, तर प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह येई. अशी पाने पुढे कितीही कुशल तंत्रज्ञाच्या हाती दिली तरी परत मिळत नाहीत. कारण तेथे बिघडलेला पाठ उरलेला नसतो, केवळ त्याची लांबी उरलेली असते.

६

तिसरा दोष पूर्वावस्थांच्या नाशाचा. लेखकाने आपले लेखन सुधारले की जुन्या मूल्याच्या जागी नवे मूल्य बसवावे, ही डेटाबेसची सहजप्रवृत्ती होय. पत्ता बदलला की जुना पत्ता पुसावा, यात काही चुकत नाही. लेखनाच्या बाबतीत मात्र दुरुस्तीपूर्वीचा पाठ हाही पुरावा असतो. लेखकाचा विचार कसा घडला, आक्षेप आल्यावर कोणते वाक्य मवाळ झाले, कोणता उल्लेख गाळला गेला, हे सर्व त्यावरून कळते.

या बाबतीत महाराष्ट्रातील दोन दृष्टान्त मनन करण्याजोगे आहेत. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून तिची संहिता शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत स्वतःच्या ओव्या घालू नयेत असे बजाविले. अडीच-तीनशे वर्षांत हस्तलिखितांतून शिरलेले प्रक्षेप व अपपाठ पाहून त्यांना हे कार्य हाती घ्यावे लागले. परंतु ज्या प्रतींवरून त्यांनी निर्णय केले त्यांचे पाठभेद त्यांनी नोंदवून ठेवले नाहीत. म्हणून त्यांनी काय स्वीकारले व काय त्यागिले याचा शोध घेणे उत्तरकालीन अभ्यासकांस दुष्कर झाले. याउलट पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्णतेस नेलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत बाराशेंहून अधिक हस्तलिखितांचा उपयोग झाला, आणि संपादकांनी स्वीकारलेल्या संहितेखाली त्याज्य पाठही छापले. डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी ज्या पाठाविषयी पूर्ण निश्चिती नव्हती त्याखाली नागमोडी रेघ दिली. निर्णय घ्यावा, पण निर्णयाचा पुरावा पुसू नये, हे या पद्धतीचे ब्रीद होय. डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४१ मध्ये भारतीय पाठचिकित्सेवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात या शास्त्राची जी मांडणी केली, तीतील तत्त्वे डेटाबेसच्या रचनेस जवळजवळ तशीच लागू करता येतात.

संगणकाच्या क्षेत्रात हे तत्त्व अज्ञात आहे असे मात्र नव्हे. विकिपीडियाच्या मुळाशी असलेल्या मीडियाविकी प्रणालीत प्रत्येक बदलानंतरचा संपूर्ण पाठ स्वतंत्रपणे ठेवला जातो. कोणती आवृत्ती कोणी व केव्हा केली हे पाहता येते. वर्डप्रेसनेही २००८ साली २.६ या आवृत्तीपासून लेखांच्या पूर्वावस्था जपण्यास आरंभ केला. हे शक्य आहे, एवढेच नव्हे तर नित्याच्या व्यवहारात चालते, हे या उदाहरणांनी सिद्ध झाले आहे. असे असता अनेक संस्थांच्या संकेतस्थळांवर प्रश्नावलीची उत्तरे किंवा प्रबंधांचे सारांश एकाच घरात पुनःपुन्हा खोडून लिहिले जातात, याचे समर्थन तंत्राच्या मर्यादेने करता येत नाही.

७

या भूमिकेवर तीन आक्षेप घेतले जाण्याचा संभव आहे. पहिला खर्चाचा. सर्व लेखन मूळ स्वरूपात, सर्व आवृत्त्यांसह ठेवावयाचे तर जागा किती लागेल? वरील हिशेबाने एक लक्ष शब्दांची मराठी कादंबरी १९ लक्ष बाइटांची, म्हणजे दोन मेगाबाइटांहूनही लहान होते, आणि संक्षेपाने तिचा आकार बराच घटतो. सिअर्स, व्हॅन इंगेन व जिम ग्रे यांनी २००६ साली केलेल्या अभ्यासात, २५६ किलोबाइटांपर्यंतचे घटक डेटाबेसमध्ये आणि १ मेगाबाइटाहून मोठे घटक फाइलींत ठेवणे सोयीचे ठरते असा निष्कर्ष काढला. त्यांची मोजमापे विशिष्ट प्रणालींवरची होती हे खरे. तथापि त्या मापाने पाच हजार शब्दांचे मराठी प्रकरण सुमारे ९५ किलोबाइटांचे म्हणून डेटाबेसमध्येच शोभते आणि तरीही ‘टेक्स्ट’ स्तंभात मावत नाही. म्हणजे अडचण जागेच्या टंचाईची नसून भांडे निवडताना केलेल्या अविचाराची आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. लेखन जसेच्या तसे ठेवल्यास त्यातील घातक भागही तसाच राहील. हे नाकारता येत नाही. परंतु लेखन घातक होते ते दाखविताना, साठविताना नव्हे. आणि तेच लेखन पडद्यावर, छापील प्रतीत वा पत्रात जाताना निरनिराळी दक्षता लागते. म्हणून ही दक्षता दाखविण्याच्या जागी घेणे हेच युक्त. प्रत्येक वेळी हे काम करणे खर्चाचे वाटल्यास संस्कारित प्रत वेगळी ठेवावी. ती केव्हाही टाकून पुन्हा तयार करता येते. मूळ प्रत मात्र पुन्हा तयार करता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सर्व काही जतन करावयाचे म्हटले तर लेखकास आपले लेखन मागे घेण्याचा अधिकार उरतो काय? युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या नियमावलीने आणि भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने व्यक्तीस आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क मान्य केला आहे. पाठरक्षणाचे तत्त्व या हक्काच्या आड येऊ नये, आणि वस्तुतः येतही नाही. पाठ जपावयाचा तो लेखकासाठी. त्याने जाणीवपूर्वक मागे घेतलेले लेखन पुसणे हा त्याचा निर्णय. प्रणालीने त्याच्या नकळत शेवटची चार पाने टाकून देणे हा त्याच्या अधिकारावरील आघात. दोहोंत लेखन नाहीसे होते, पण एकात लेखकाची इच्छा असते व दुसऱ्यात ती डावलली जाते.

या सर्व विवेचनातून काही नियम निष्पन्न होतात. लेखकाने पाठविलेला पाठ प्रथम अविकृत साठवावा. शोध, सारांश, प्रदर्शन यांसाठीची रूपे त्यावरून वेगळी तयार करावीत. मर्यादा ठेवावयाची झाल्यास ती सकारण असावी, लेखकाच्या लिपीच्या मापाने मोजलेली असावी आणि लिहिण्यापूर्वी त्याला सांगितलेली असावी. मर्यादेबाहेरचे लेखन छाटू नये. ते उघडपणे नाकारावे आणि नाकारताना लेखकाच्या चौकटीत शाबूत ठेवावे. प्रमाणीकरण केलेच तर त्याची नोंद ठेवावी. दुरुस्तीने पूर्वीचा पाठ झाकावा, पुसू नये. पुसावयाचा तर लेखकाच्या सांगण्यावरून पुसावा.

यांतील एकही नियम तंत्रदृष्ट्या अवघड नाही, आणि तरीही तो सर्वत्र पाळला जात नाही, यास तंत्रज्ञांइतकेच भाषेचे अभ्यासकही उत्तरदायी आहेत. विद्यापीठांचे मराठी विभाग आज लोकसाहित्याचे संकलन, बोलींची पाहणी आणि प्रबंधांची नोंद संकेतस्थळांच्या साहाय्याने करू लागले आहेत. सारणी आखली जात असताना तेथे पाठचिकित्सा जाणणारा कोणी बसलेला नसतो. तो पुढे, संहिता बिघडल्यावर, तिची चिकित्सा करावयास बोलाविला जातो. हस्तलिखितांच्या बाबतीत याला इलाज नव्हता, कारण लहिया होऊन शतके लोटली होती. आजचा लहिया मात्र शेजारच्याच इमारतीत बसलेला आहे आणि त्याला प्रश्न विचारता येतो. तो प्रश्न वेळेवर विचारला गेला, तर पुढच्या पिढीच्या संपादकाचे निम्मे काम आजच होऊन जाईल.